रांधणाऱ्याचं पोट

हा अंक हातात घेऊन तुम्ही चकली खात असणार. खा, माझी हरकत नाही. आमच्याकडे कुंभकोणमला मात्र दिवाळीच्या पहाटे फराळाच्या आधी औषध खातात. तेल लावून न्हाऊन आलं की घरातली मोठी बाई प्रत्येकाच्या तळहातावर लेह्याची काळीभोर गोळी ठेवते. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, गूळ, तूप असं घोटून केलेलं हे लेह्य पोटात गेलं, की मग जिलेबी खा नाहीतर मुरुक्कू, पोट तक्रार करत नाही अशी समजूत आहे. आधी औषध आणि मग अपचन, असा हा जगातला एकमेव सण असावा.

त्या लेह्याचं सामान विकण्यात माझं आयुष्य गेलं. आमचं काष्ठौषधींचं दुकान. इथे त्याला नाट्टु मरुंदु कडै म्हणतात, म्हणजे देशी औषधांचं दुकान. वडिलांनी चालवलं, त्यांच्यामागे मी चालवलं, आता गुडघे बोलायला लागले म्हणून मुलाच्या स्वाधीन केलं आहे. बाईमाणूस गल्ल्यावर बसते म्हणून सुरुवातीला लोक दारातून डोकावून परत जायचे. पुढे तेच लोक 'मरुंदु अक्का आहे का' असं विचारत यायला लागले आणि माझा मुलगा दिसला की तोंड वाकडं करायला लागले.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हा लेख मी पुण्याच्या भाचसुनेला फोनवर वाचून दाखवला आणि तिने माझी भाषा विंचरून सरळ केली. माणसं बोलतात तिथे मात्र हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं आहे. 'अस्के' म्हणजे सगळे, एवढं तुम्ही समजून घ्या.

आम्ही वैद्य नव्हे, हे आधी सांगते. वैद्य नाडी बघतो, आम्ही पुडी बांधतो. पण गिऱ्हाईक वैद्याकडे जातं महिन्यातून एकदा आणि आमच्या फळीवर कोपर टेकतं रोज. त्यामुळे दुखणं आधी आम्हाला कळतं. त्यातही पोटाचं. आमच्या गावाला कॉफीचा अभिमान, तिखटाचा अभिमान आणि उपासांचाही अभिमान. या तिन्ही अभिमानांचा भार एकटं पोट वाहतं. पोटातल्या व्रणाला इथे 'वयित्तुप्पुण्' म्हणतात, हल्ली सगळे अल्सरच म्हणतात. गिऱ्हाईक मात्र कधीच सरळ सांगत नाही. त्याला वारा धरलेला असतो, उष्णता झालेली असते, कोणाची तरी दृष्ट लागलेली असते.

वडिलांनी मला एक शिस्त लावली होती. पोटाचं गिऱ्हाईक आलं की पुडीला हात लावायच्या आधी विचारायचं: दुखणं रिकाम्या पोटी की जेवल्यावर? दुसऱ्या कसल्या गोळ्या घेता? आणि शौचाचा रंग काय? हा शेवटचा प्रश्न ऐकून भली भली माणसं दुकानातून उतरायची. बायकांसाठी मी आत पोत्यांच्या आडोशाला एक बाक टाकला. तिथे बसून त्या मला जे सांगायच्या, ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नसायचं. मला त्या बाकाचा दुकानापेक्षा जास्त अभिमान आहे.

आता पुडीत काय असतं तेही सांगून टाकते. आमची मुख्य वनस्पती मणत्तक्काळी. तुमच्याकडे तिला कामोणी म्हणतात आणि बांधावर उगवली तर उपटून टाकतात. इथे तिचा पाला नारळाच्या दुधात शिजवून खातात. तिची बारीक फळं मीठ घातलेल्या ताकात भिजवून वाळवतात आणि तळून भातावर घेतात. पोट आतून सोललं गेलं असेल तर ती थंडावा देते. मग ज्येष्ठमध, शतावरी, आवळा, कच्च्या केळ्याचं वाळवलेलं पीठ. एकादशी सोडताना आमच्यात द्वादशीला हदग्याचा पाला आणि आवळा ताटात हवाच. धर्म म्हणून वाढतात, पण रिकाम्या पोटाला आधी मऊ काहीतरी द्यावं हे ज्या बाईला पहिल्यांदा सुचलं, तिला मी मनात नमस्कार करते. हदगा मात्र कुठलंही औषध चालू असताना खायचा नाही. हे सांगितल्याशिवाय मी तो कधी विकला नाही.

ज्येष्ठमधाची गंमत वेगळी. बाजारात ज्येष्ठमध म्हणून गुंजेची मुळंही येतात. दिसायला भावंडं. वडील मला डोळे मिटायला लावायचे आणि नाकाखाली एकेक काडी धरायचे. चुकले की परत. तेव्हा राग यायचा. पण पुढे पोतं उघडायच्या आधी नुसत्या वासावरून माल जुना की नवा, ओल लागलेला की उन्हात करपलेला, हे मला कळायला लागलं. व्यापारी माझ्याकडे नमुना घेऊन येताना जरा घाबरूनच यायचे, आणि त्यांनी घाबरावं असं मला वाटायचं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला लागले तर हा अंक पुरणार नाही. तिरुभुवनमचे एक रेशीमवाले होते. पोटाची पुडी घ्यायचे आणि समोरच्या हॉटेलात जाऊन कडक कॉफीबरोबर गिळायचे. मी म्हटलं, "अण्णा, अशाने आग आणि पाणी दोन्ही एकदमच घालताय." ते म्हणाले, "म्हणूनच दोन्ही बरोबर घेतो अक्का, हिशेब बरोबर राहतो." एक निवृत्त हेडमास्तर रोज फोनवर नवा व्हिडिओ घेऊन यायचे. एक दिवस कोबीचा रस, एक दिवस कोरफड, एक दिवस कोहळा. शेवटी मी विचारलं, "सर, दुखतं तरी का हो तुमचं?" म्हणाले, "नाही, पण दुखलं तर तयारी असावी." त्यांना मी आवळकंठीचं पाकीट देऊन वाटेला लावायची.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेली नाही. ज्याचं पोट जळतं त्याला दिवाळीच्या लेह्याचं सामान मी दिलं नाही. मिरी, पिंपळी, सुंठ, सगळं जळत्यावर तेल. सण आहे, एका गोळीने काय होतं, असं म्हणत बायका हुज्जत घालायच्या. मी त्यांना मनुका, आवळा आणि ज्येष्ठमधाचं वेगळं लेह्य करून द्यायची. तेही काळं, तेही गोळी. देवालाही चालायचं आणि जावयालाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्या वेंकोबाकडे येते.

वेंकोबा आमच्यातलाच, लग्नाचा आचारी. कुंभकोणमपासून तंजावरपर्यंत मोठ्या घरचं लग्न ठरलं की आधी मुहूर्त आणि लगोलग वेंकोबा ठरायचा. त्याच्या सांबारासाठी वऱ्हाडी मंडळी पंगतीत भांडलेली मी पाहिली आहेत. आणि हा माणूस स्वतःच्या हातचं सांबार कधी चाखत नसे. आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकात चाखायची पद्धतच नाही. देवाला नैवेद्य जायचा असतो, पाहुण्यांच्या पानात पडायचं असतं. चाखलं की उष्टं झालं. मीठ मुठीच्या अंदाजाने आणि बाकी सगळं वासावर. वेंकोबा कढईवर वाकून एकदा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "चिंच अजून कच्ची अहे." आणि ती असायची.

त्याच्या वडिलांचा दुसरा नियम त्याहून कडक होता. शेवटची पंगत उठल्याशिवाय आचाऱ्याने अन्नाला शिवायचं नाही. लग्न सकाळचं असलं तरी शेवटची पंगत उठायला ऊन कलतं. तोवर वेंकोबा कॉफी आणि सुपारीवर उभा. मग थंडगार भात, तळाला राहिलेलं सांबार, उरलं तर. मुहूर्तांच्या दिवसांत हे रोज. मला हे सगळं ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं आणि सगळ्या गावाला त्याचं कौतुक होतं.

तो पहिल्यांदा आला तेव्हा फळीवर हात टेकवून म्हणाला, "अक्का, सुंठेचा काढा द्या. पोटांत वारा धरला अहे."

"कधीं दुखतें?" मी विचारलं.

"पहांटे. पोट रितें असलें कीं करवत फिरविल्यासारिखें. जेवलों कीं राहतें."

"मग जेव कीं."

तो हसला. "कधीं जेवूं अक्का? पंगत उठल्यावांचून रांधणारा जेवतो काय? अप्पांनी सांगून ठेविलें अहे, रांधणाऱ्याचें पोट शेवटीं."

सुंठ मी दिली नाही. इस्पितळात जाऊन दाखव म्हणून सांगितलं. तो गेला, कारण तो माझा शब्द मोडत नसे. तिथे आम्ल कमी करायच्या गोळ्या दिल्या, वेळेवर जेवायला सांगितलं आणि नंतर दुर्बीण घालून बघू म्हणाले. गोळ्या त्याने घेतल्या. दुर्बिणीची तारीख एका मोठ्या घरच्या लग्नात बुडाली. आणि वेळेवर जेवणं कसं जमणार होतं? त्याच्या लेखी ती सोय नव्हती, अधर्म होता. कुणाचा बाप स्वर्गातून ओरडत असेल तर त्याच्याशी डॉक्टरने तरी कसं भांडावं?

मी रात्रंदिवस या प्रश्नाला चिकटून बसले. पोटाला औषध हवं होतं, पण त्याहून जास्त अन्न हवं होतं, आणि अन्नालाच तर बंदी होती. मग एकदा दुकानात शतावरी निवडताना सुचलं. जुना तांदूळ भाजला, दळला. त्यात कच्च्या केळ्याचं पीठ, थोडी शतावरी, थोडी वाळलेली मणत्तक्काळी, किंचित ज्येष्ठमध आणि वासाला जिरं. पाण्यात शिजवून वरून ताजं ताक घातलं की मऊ पेज होते. पोटभर होते. मी तिच्या पुड्या बांधल्या आणि वेंकोबाला बोलावलं.

"वेंकोबा, तुझ्या अप्पांची औषधाला ना होती काय?"

"औषधाला कोण ना म्हणेल? सोवळ्यांतही चालतें."

"मग हें औषध. वाटीभर पहांटे, वाटीभर चूल पेटविल्यावर, वाटीभर पहिली पंगत बसली कीं. एक वाटी चुकविलीस तर दुकानांत पाय ठेवूं नकोस."

त्याने पुडी उघडून हुंगली. ज्याचं नाक तसलं, त्याला काय कळायचं राहतं? तांदूळ आहे हे त्याला कळलं, मला दिसलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग पुडी पिशवीत टाकून म्हणाला, "औषधच अहे हें." त्यानंतर लग्नाच्या मांडवामागे भिंतीकडे तोंड करून पेज पिणारा वेंकोबा पुष्कळांनी पाहिला. पहाटेची करवत थांबली. त्याच्या बायकोने, सरसाने, मला घरी येऊन वाळकाच्या सांडग्यांचा डबा दिला. त्या दिवसांत माझी मान जरा ताठच असायची.

पुढच्या मुहूर्तांच्या हंगामात त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. चुलीपुढे उभ्याने आयुष्य गेलेलं. ते दुखणं त्याने मला सांगितलं नाही. माझं खातं पोटाचं आहे, गुडघ्याचं नव्हे, असा त्याचा सरळ हिशेब. मेडिकलमधून दुखणं मारायच्या गोळ्या आणल्या आणि कॉफीबरोबर घ्यायला लागला.

तेव्हाच्या एका लग्नाच्या सकाळी सरसाचा फोन आला. औषधाच्या पुड्या संपल्यात, कोणाबरोबर तरी मांडवात पाठवता का. मांडव दुकानापासून जवळच होता, म्हणून मीच गेले. आजही वाटतं, फोन आला हे बरं आणि मी स्वतः गेले हे त्याहून बरं.

मागच्या अंगणात चुली धडधडत होत्या. वेंकोबा खांबाला टेकून उभा होता. चुलीजवळचा माणूस घामाने लाल असतो. हा घामेजला होता पण पांढरा पडला होता. मी त्याचा तळहात उलटा करून पाहिला. कोऱ्या कागदासारखा.

"वेंकोबा, परसाकडेचा रंग काय?"

भोवती दहा माणसं. तो ओशाळला. खाली बघून म्हणाला, "काळा. तुमच्या मणत्तक्काळीनें. फळें काळींच अहेत कीं."

"डांबरासारिखें? चिकट? घाण वास?"

त्याने मान हलवली.

"दुसरी गोळी काय घेतोस?"

"गुडघ्याची." मग हळूच, "उभें राहवत नाहीं अक्का."

वाळवलेल्या फळांच्या दोन चिमटींनी असा रंग येत नाही. हे पोटात वाहिलेलं रक्त होतं. काळं दिसतं ते जिरलेलं रक्त, हे मला वडिलांनी शिकवलं होतं आणि त्याबरोबर हेही शिकवलं होतं, की हे कानावर आलं की दुकानाची फळी बंद. मग आपल्याकडे पुडी नाही, काढा नाही, काही नाही. मी सरसाला म्हटलं, गाडी बोलाव, आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं.

वेंकोबा खांब सोडेना. "मुहूर्त अहे अक्का. सांबार अजून उतरविलें नाहीं. अस्के लोक येऊन बसणार. पंगत झाली कीं जातों."

"पंगत होईपर्यंत तूं राहणार नाहींस."

"मग कोण बघेल हें?" त्याने सगळ्या चुलींवरून हात फिरवला. "मणी बघील? त्याला हात अहे, नाक नाहीं."

मणी त्याचा जुना साथीदार, पंधरा माणसांचं काम एकटा उपसणारा. तो शेजारीच उभा होता आणि त्याला राग आला नाही, कारण ते खरं होतं. सरसा रडायला लागली. वधूचा बाप दोनदा डोकावून गेला. मला वेंकोबाचा संताप आला. त्याला जीव गेलेला चालणार होता आणि सांबार बिघडलेलं चालणार नव्हतं.

मी सरळ सांबाराच्या डेगीपाशी गेले आणि पदर नाकावरून काढून वाकले. मग शेजारच्या मसाल्याच्या पुडीवर वाकले.

"वेंकोबा, तुझ्या ह्या पुडींत मेथी करपली अहे. ही डेगींत पडली तर अस्कं कडू होल."

मणीने पुडी नाकाशी नेली, नंतर चिमूट चोळून परत नेली. त्याचा चेहरा पडला. "मामी खरं सांगतात," तो तमिळमध्ये म्हणाला, "भाजताना माझं लक्ष गेलं होतं."

वेंकोबाने पुडी मागून घेतली. हुंगली. परत हुंगली. आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "अक्का, मज वासच येईना."

आयुष्यभर ज्या नाकावर तो उभा होता ते नाक त्याला सोडून गेलं होतं. रक्त ओसरलं की माणसाचं काय काय ओसरतं कोण जाणे. त्याच्या डोळ्यांत मी तेव्हा पहिल्यांदा भीती पाहिली. मी म्हटलं, "तुझें नाक इस्पितळांतून परत आण. तोंवर माझें ठेव इथें." त्याने खांब सोडला.

गाडी गेल्यावर मी डेगीपाशी स्टुलावर बसले. मेथी नव्याने भाजून घेतली. वास तपकिरी झाला की मी हात वर करायचे आणि मणी कढई उतरवायचा. चिंचेचा कच्चेपणा जाईपर्यंत डाळ घालू दिली नाही. हिंग मी सांगेन तेव्हाच. मीठ मात्र मणीच्या मुठीवर सोडलं, कारण मिठाला वास नसतो आणि खोटी ऐट मी करत नाही. चाखलं कोणीच नाही. वेंकोबाची पद्धत मोडायचा मला हक्क नव्हता. वधूचा बाप येऊन "स्वामी कुठे आहेत" असं वेंकोबाबद्दल विचारून गेला तेव्हा मी म्हटलं, "औषध घ्यायला गेलेत," आणि ते खोटं नव्हतं.

पंगती उठल्या. सांबार संपलं. दोघा वऱ्हाड्यांची वाढप्याशी थोडी बाचाबाची झाली, त्यावरून मला समजायचं ते समजलं. असल्या कौतुकाने माझ्या वयाच्या बाईने फुगू नये. मी फुगले.

इस्पितळात दुर्बीण घालून रक्त थांबवलं. रक्त चढवलं. व्रणात जंतूही सापडले, त्यांच्यासाठी वेगळा औषधांचा क्रम दिला. गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. आणखी थोडा वेळ तो चुलीपाशी उभा राहिला असता तर तिथेच कोसळला असता, हे त्यांनी आधी सांगितलं. मग माझ्या पुड्यांबद्दल बजावलं, की क्रम पुरा होईपर्यंत यातलं काहीही नको. मी म्हटलं, "बाई, माझ्या दुकानाची फळी त्याच्यापुरती केव्हाच बंद झाली आहे." त्यांना बहुधा मी भांडेन असं वाटलं होतं.

जंतू मारायचं काम माझ्या मणत्तक्काळीचं नव्हे. हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. तिचं काम सोललेल्या जागेला सांभाळायचं. आग कोण लावतंय हे न विचारता नुसतं पाणी ओतत बसणारे दुकानदार मी पाहिले आहेत, आणि अशांच्या दुकानावर मोठमोठ्या पाट्या असतात. क्रम संपल्यावर मीच पेजेतली एकेक वस्तू घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी प्रत्येकाचं नाव विचारलं, फोनवर पाहिलं. वेंकोबाचा रक्तदाब चढा म्हणून ज्येष्ठमध काढायला सांगितलं. मीही तेच काढणार होते, पण त्यांनी सांगितलं म्हणून काढलं असं वेंकोबाला म्हटलं. डॉक्टरांचा मान वेगळा.

शरीर सावरलं. नाकही हळूहळू परत आलं. पण वेंकोबा चुलीकडे जाईना. घराच्या ओट्यावर बसून राहायचा. मी गेले तेव्हा म्हणाला, "अप्पांचा नेम पाळूं तर मरतों, मोडूं तर रांधूं कसा? दोन्हींतून मी गेलों." माझ्याकडे यावर पुडी नव्हती. मी फक्त एवढं विचारलं, "तुझे अप्पा कशानें गेले रे?" त्याने पाय ओट्यावरून खाली सोडले. मग म्हणाला, "पोटानेंच." एवढं बोलून तो उठला आणि आत गेला. मी जास्त बोलले की काय असं वाटून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काही आठवड्यांनी लग्नाचं आमंत्रण आलं. वेंकोबा परत कामाला उभा राहिलेलं पहिलं लग्न. मला चैन पडेना म्हणून मी पाहुण्यांच्या कितीतरी आधी मागल्या दाराने मांडवात गेले.

अंगणात पानं मांडलेली होती. मणी, भाजी चिरणाऱ्या बायका, पाणी भरणारे, वाढपी, सरसा, सगळे ओळीने खाली बसले होते. वेंकोबा स्वतः त्यांना भात वाढत होता. सरसाने मलाही एका पानावर बसवलं. देवाचा नैवेद्य त्याने पहाटेच छोट्या पातेल्यात वेगळा रांधून दाखवला होता. तेवढ्यात वराचे काका आत आले आणि तो देखावा बघून जागीच थबकले. पाहुण्यांआधी आचारी जेवतात ही कुठली रीत, असं त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं. बायकांचे हात पानावरच थांबले.

वेंकोबाने भाताचं पातेलं खाली ठेवलं नाही. "माझ्या मांडवांतली रीत," तो म्हणाला. "देवाला दाखविलें अहे. अता हेंचीं पोटें. मग तुमची पंगत बसेल आणि कांहीं कमी पडणार नाहीं. नक्को वाटत असेल तर दुसरा आचारी बघा, मी रागावणार नाहीं." काकांनी सांबाराचा वास घेतला आणि ते बाहेर निघून गेले. आता या मुहूर्ताला दुसरा आचारी कुठून मिळणार होता?

मग मणीने उठून वेंकोबाच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि त्याला माझ्या शेजारच्या पानावर बसवलं. भात वाढला. त्यावर सांबार वाढलं, सगळी मिरची पडायच्या आधी वेगळं काढलेलं, पण त्याच डेगीतलं आणि चुलीवरून नुकतंच उतरलेलं. वाफ येत होती. इतक्या वर्षांत वेंकोबाने ते गरम असताना कधी खाल्लं नव्हतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कोणीच जेवेना. सगळे त्याच्याकडे बघत होते.

त्याने एक घास कालवला, तोंडात घातला. चावत राहिला. दुसरा घास घेतला. मग पानावरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे वळला. डोळे भरले होते.

"अक्का," तो म्हणाला, "एवढ्यासाठीं भांडत होते होय हे लोक."